दौडीची सकाळ कोणाची?

अलीकडे आपल्या महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या रस्त्यावरील शर्यतींस जो बहर आला आहे, तो पाहून जुन्या पिढीतील माणसास कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. आणि आता तर तालुक्याच्या गावीदेखील एखाद्या रविवारी सकाळी शेकडो स्त्रीपुरुष छातीवर क्रमांक लावून धावताना दिसतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात. परंतु त्या एका सकाळीच्या पाठीशी ज्या शंभर-सव्वाशे सकाळी उभ्या असतात, त्यांचे छायाचित्र कोणी काढीत नाही. त्या न दिसणाऱ्या सकाळींविषयी चार शब्द लिहिण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हौशी धावणाऱ्याची खरी शर्यत तीच होय, आणि ती एकट्याने धावता येत नाही. सबंध घरास धावावी लागते.

या विषयाचा आपल्याकडील इतिहास मोठा बोधप्रद आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ सालची. या संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी पहिल्या महायुद्धानंतर तेथील शर्यती पाहिल्या, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या मनात भरली. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले लोक बहुतेक खेड्यांतील शेतकरी होते. ते अनवाणी धावत. शास्त्रोक्त शिक्षण त्यांस मुळीच मिळालेले नव्हते. आणि तरीही त्यांचा वेग युरोपातील धावपटूंच्या मानाने उपेक्षणीय नव्हता. यातूनच १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचा संघ पाठविण्याची खटपट झाली. त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. तेथील मॅरेथॉनचे अंतर ४२.७५० किलोमीटर, म्हणजे आज रूढ असलेल्या ४२.१९५ किलोमीटरांहून अर्ध्या किलोमीटराने अधिक होते. चौगुले यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत कापून एकोणिसावा क्रमांक मिळविला. पहिला आलेला फिनलंडचा कोलेमायनेन त्यांच्यापुढे अवघी अठरा मिनिटे होता!

त्या शेतकऱ्यांस धावण्यासाठी वेगळी सकाळ काढावी लागली नव्हती. त्यांचे पाय शेताच्या बांधावर आणि बाजाराच्या वाटेवर घडले होते. आमच्या जिल्ह्यास लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील, आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांची गोष्ट तीच. लहानपणी शाळेसाठी ते रोज सहा किलोमीटर चालत-धावत जात. पुढे सैन्यात गेल्यावर त्या पायांस शिक्षण मिळाले. २०२० साली दिल्लीस त्यांनी अर्ध मॅरेथॉन ६० मिनिटे ३० सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला, आणि २०२३ साली हांगझाऊ येथील आशियाई सामन्यांत अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. आम्हां पांढरपेशा कुटुंबांची गोष्ट निराळी. आमचा उद्योग खुर्चीचा, मुले शाळेत जाणार मोटारीतून. आमच्या पायांस जे घडवावयाचे ते दिवसातून एक तास मुद्दाम बाजूस काढूनच घडविले पाहिजे. आणि एकत्र कुटुंबात तो तास रिकामा कधीच नसतो; तो कोणाच्या तरी कामाचा असतो.

येथेच प्रश्नास खरे तोंड फुटते. घरातील पुरुषाने धावावयास जाण्याचे ठरविले, तर तो बूट घालतो आणि जातो. परत येतो तेव्हा चहा तयार असतो. घरातील सुनेने ठरविले, तर त्यावर घरात चर्चा होते. हे केवळ आपल्याच समाजात आहे असे नव्हे. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांस प्रथमच आठशे मीटर धावू दिले. हा पल्ला स्त्रीशरीरास झेपणारा नाही असा निवाडा मागाहून झाला आणि १९६० पर्यंत ती शर्यत बंद राहिली. स्त्रियांची मॅरेथॉन तर ऑलिंपिकमध्ये यावयास १९८४ साल उजाडावे लागले. इकडे आमच्याच महाराष्ट्रात, बारामतीच्या लता भगवान करे या साठी ओलांडलेल्या बाई पतीच्या औषधोपचाराच्या पैशांसाठी नऊवारी नेसून अनवाणी शर्यतीत उतरल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्या जीवनावर २०२० साली निघालेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःच भूमिका केली. स्त्रीशरीरास काय झेपते, याचा निर्णय पंडितांनी करावा आणि तो खेड्यातील एखाद्या बाईने खोटा ठरवावा, असा हा क्रम दिसतो.

पुणतांब्यास, गोदावरीच्या काठी, चांगदेवांच्या समाधीच्या या गावी, आमचे नऊ माणसांचे घर आहे. धाकट्या सूनबाईंनी दोन वर्षांपूर्वी एकवीस किलोमीटरांच्या शर्यतीत भाग घेण्याची इच्छा बोलून दाखविली, तेव्हा घरात वरील प्रश्न उभा राहिला. त्या एका बँकेत नोकरीस आहेत. पहाटे पाच ते सव्वासहा हा काय तो त्यांस मिळण्याजोगा वेळ. आणि नेमका त्याच वेळी चहा, दूध, नातवाचा डबा, पोळ्या आणि आत्याबाईंचे ऊन पाणी ही सारी कामे एकदम दाराशी येतात. थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "तिची कामे मी करीन." हे औदार्य खरे, परंतु आमच्या सौ.नी त्यास हरकत घेतली. "एकीची सकाळ दुसरीच्या मानेवर टाकली, तर घराने काय दिले?" असे त्यांचे म्हणणे. ते सर्वांस पटले. मग कामांची नवी वाटणी झाली. पूजेची फुले व आत्याबाईंचे पाणी माझ्याकडे आले. दूध, चहा आणि नातवाचा डबा चिरंजीवांकडे गेला. पोळ्या थोरलीकडे राहिल्या, पण त्यांच्या बदल्यात रात्रीचा स्वयंपाक धाकटीने पत्करला. चिरंजीवांनी पहिल्या आठवड्यात दोनदा दूध उतू घालविले. तिसऱ्या आठवड्यापासून ते होईनासे झाले. पुरुषास हे काम येत नाही, ही समजूत किती दिवसांची असते, याचे मोजमाप आमच्या घरापुरते तीन आठवडे असे निघाले.

सरावासाठी आम्ही कालव्याच्या कडेचा रस्ता निवडला. मोठ्या रस्त्यावर ऊसतोडणीच्या हंगामात उसाने भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढीत अंधारात चालतात. त्यांच्या शेजारून धावणे म्हणजे जिवाशी खेळ. मी सायकलीवरून घड्याळ घेऊन मागे जात असे. किती वेगाने धावावे, हा प्रश्न निघाला तेव्हा मला आपल्या वैद्यकशास्त्राची आठवण झाली. वाग्भटांनी बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यानेही थंडीच्या दिवसांत व वसंतात अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, असे सांगितले आहे. आणि अर्धी शक्ती खर्च झाल्याची खूण सुश्रुतांनी दिली आहे ती अशी की, श्वास तोंडावाटे येऊ लागतो. आजचे शिक्षकही नवख्यास हेच सांगतात: शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता येतील इतक्याच वेगाने बहुतेक दिवस धाव. हे तत्त्व धरून आरंभी तीन किलोमीटर, मग दर आठवड्यास थोडे वाढवीत, सहा महिन्यांत अठरा किलोमीटरांपर्यंत मजल गेली. चैत्र-वैशाखात मात्र उजाडण्यापूर्वीच परतण्याचा नियम ठेवला. पाण्याविषयी दोन्ही टोके टाळावीत. तहान दाबू नये, तसेच तहान नसता तांब्यामागून तांब्या पिऊही नये, कारण अति पाण्याने रक्तातील क्षाराचे प्रमाण घटून धोका होतो. एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट भरलेले, हे पेय घाम गळाल्यावर घरच्या घरी होते. चाळिशीनंतर आरंभ करणाराने आधी डॉक्टरांस हृदय दाखवावे. छातीत दुखले तर शर्यत तेथेच सोडावी, त्यात कमीपणा नाही.

पहिली शर्यत जवळच्या एका गावची, दहा किलोमीटरांची. तेथे गर्दीच्या ओघात सूनबाई पहिले दोन किलोमीटर फारच वेगाने गेल्या आणि आठव्या किलोमीटरला बरगडीखाली कळ येऊन चालू लागल्या. दुसरी शर्यत साताऱ्याची. २०१२ पासून होत असलेली ही अर्ध मॅरेथॉन शहरातून निघून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या बाजूस चढते आणि त्याच वाटेने खाली येते. पावसाळ्याचे दिवस, घाटात धुके, आणि हजारो माणसे. या जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या होत्या. सूनबाईंनी चढावर पाऊल आखूड ठेवले, कोणी पुढे गेले तर जाऊ दिले. परत आल्यावर त्यांचे पहिले वाक्य असे: "मामंजी, चढ सोपा हो, उतारानेच मांड्या धरल्या." हे शास्त्रास धरूनच आहे, उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी तेच अधिक ठणकतात. वेळ लागला दोन तास एकेचाळीस मिनिटे. त्यांच्या आधी पुष्कळ आले, मागून पुष्कळ आले. पदक मात्र पल्ला पुरा करणाऱ्या प्रत्येकास सारखेच होते.

पुढल्या सोमवारी त्यांस जिना उतरता येईना. त्या दिवशी घरात कोणी कामाची आठवण केली नाही, हे मला त्या पदकाहून मोलाचे वाटले. शर्यत संपली तरी कामांची नवी वाटणी मोडलेली नाही. आता थोरल्या सूनबाईही आठवड्यातून तीन दिवस सकाळी बाहेर पडतात. त्यांस धावणे रुचत नाही. त्या नदीच्या घाटापर्यंत एकट्याच चालत जातात. त्या वेळी काय करता, असे त्यांस कोणी विचारीत नाही, व विचारूही नये.

ज्या घरांत कोणी धावण्याची इच्छा धरली असेल, त्यांस एवढेच सुचवावेसे वाटते की, शर्यतीची वर्गणी भरण्यापूर्वी आणि बुटांचा जोड आणण्यापूर्वी सर्वांनी एकदा बसून पहाटेच्या त्या तासाचा हिशेब करावा. त्यातील कोणते काम कोण उचलणार, हे नावानिशी ठरवावे. आणि घरातील मुलगा असो, सून असो, हिशेब एकाच वहीत मांडावा. पाय मागाहून आपोआप तयार होतात.