छापील गाथा आणि टाळकऱ्यांचा वाटा

1869 साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांच्या अभंगांचा पहिला खंड बाहेर पडला, दुसरा 1873 साली. मुंबई सरकारने त्यासाठी 24,000 रुपये मंजूर केले होते. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती, आणि ती एका कुणबी वाण्याच्या अभंगांवर इंग्रज सरकार खर्च करत होते. संपादक विष्णु परशुरामशास्त्री पंडित. देखरेख शंकर पांडुरंग पंडितांची. सुरुवातीला जनार्दन सखाराम गाडगीळ यांनी इंग्रजीत लिहिलेले तुकोबांचे चरित्र, आणि शेवटी सूची व कठीण शब्दांचा कोश.

ही माणसेही पाहण्यासारखी आहेत. शंकर पांडुरंग म्हणजे पुढे सायणभाष्यासह अथर्ववेद संपादणारे पंडित. पोथ्या ताडून पाहण्याची संस्कृतातली शिस्त त्यांच्या हातात मुरलेली होती. विष्णुशास्त्री मात्र विधवाविवाहाच्या चळवळीचे पुढारी. गाथेचा पहिला खंड आला त्याच वर्षी मुंबईत त्यांच्या मंडळींनी वेणूबाईंचा पुनर्विवाह लावला आणि पुढे बहिष्कार ओढवून घेतला. वैदिक पंडिताची नजर आणि सुधारकाची जिद्द एकाच पुस्तकाच्या कामी आली, हा योग मराठीत वारंवार आलेला नाही.

काम सोपे नव्हते. तुकोबांचे अभंग आधी तोंडातोंडी पसरले, मग वह्यांत उतरले, आणि वही उतरवणारा प्रत्येक जण थोडाफार गायकही होता. संपादकांनी चार प्रती जमवल्या : तुकोबांच्या वंशजांकडची देहूची, त्र्यंबक कासार यांची तळेगावची, कडूसची आणि वारकऱ्यांत चालणारी पंढरपूरची. एकीत असलेला अभंग दुसरीत नाही. असला तर शब्द वेगळे, नाहीतर चरणांचा क्रम वेगळा. कुठला पाठ वर घ्यायचा आणि कुठला तळटीपेत टाकायचा, हे ओळीओळीला ठरवायचे. संताजी जगनाडे यांच्या वहीवरून वि. ल. भावे यांनी 1919–20च्या सुमारास सुमारे 1,300 अभंग छापले तेव्हा ‘अस्सल’ कोणते हा वाद पुन्हा पेटला. तरी पु. मं. लाडांच्या प्रस्तावनेसह 1950 साली सरकारने जी गाथा काढली ती इंदुप्रकाश प्रतीवरच बेतलेली. लोक तिला ‘सरकारी गाथा’ म्हणतात. अडलेल्या पाठाचा वाद निघाला की अभ्यासक आजही तिच्यापाशीच येतात.

हेच दुखणे त्याच दशकात जर्मनीत दुसऱ्या एका संपादकाच्या वाट्याला आले होते. लाइप्झिगच्या ब्राइटकोफ उंट हेर्टेल या प्रकाशनाने 1874 ते 1877 या काळात फेलिक्स मेंडेल्सोनच्या संगीताची संहिता काढली, संपादक युलियस रिट्झ. मेंडेल्सोन 1847 साली अवघ्या 38व्या वर्षी गेला, पण जिवंतपणी त्याने एकही रचना सुखासुखी हातावेगळी केली नाही. त्याचा ‘एलायजा’ हा मोठा धार्मिक समूहगानाचा प्रबंध 1846च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला गायला गेला, लोकांनी डोक्यावर घेतला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये लंडनला तो आला तेव्हा कर्त्यानेच त्यात बरेच बदल केलेले होते. रिट्झच्या संचातून त्याच्या कितीतरी धार्मिक रचना बाहेरच राहिल्या. त्यांतल्या बऱ्याच पुढे श्टुटगार्टच्या कारूस या प्रकाशनाने हस्तलिखितांवरून संपादून गायकांच्या हाती दिल्या.

पण दोन्ही संहिता शेजारी ठेवल्या की फरक लगेच दिसतो. मेंडेल्सोनच्या पानावर चार आवाजांच्या चार ओळी असतात. उंच स्त्री-आवाज कुठे थांबतो, खालचा पुरुष-आवाज कुठे उचलतो, ते सगळे कागदावर. गाथेच्या पानावर समूहाच्या वाट्याला काय आले? दुसऱ्या चरणापुढे दोन दंडांमध्ये छापलेले ‘ध्रु.’, बस्स. इथे टाळकऱ्यांनी झील धरायची, एवढीच सूचना. किती वेळा धरायची, लय कधी चढवायची, पखवाज कुठे तोडायचा, याबद्दल एक अक्षर नाही.

मला ही संपादकांची उणीव वाटत नाही. त्यांनी शब्दांची जबाबदारी घेतली आणि सुरांची मंडळांवर सोडली, आणि ती मंडळांनी निभावली. झाडीपट्टीत, ब्रह्मपुरीपासून वैनगंगेपलीकडच्या वडशापर्यंत, कार्तिकातल्या काकड्याला जी माणसे पहाटे उठून बसतात, त्यांच्यापैकी कितीकांना अभंग पुस्तकातून नव्हे, बापाच्या मांडीवर पाठ झालेला असतो. पुणे-पंढरपूरकडच्या फडाची चाल आणि इकडची चाल एक नसते, आणि त्यामुळे कोणाचे अडतही नाही. पुस्तकात एकच चाल बांधून दिली असती, तर काही वर्षांत बाकीच्या चुकीच्या ठरवल्या गेल्या असत्या. आपल्याकडे छापलेल्याला फार मान.

या भागात मात्र तुकोबांच्या जोडीला आणखी एक वाङ्मय गायले जाते, आणि त्याच्या संपादनाचे कोडे याहून अवघड आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (1909–1968) स्वतः खंजिरी वाजवून गात. नागभीडपलीकडे चिमूर तालुक्यातले गोंदोडा ही त्यांची तपोभूमी, आणि चिमूरच्या 1942च्या उठावानंतर त्यांना चंद्रपुरात अटक झाली. त्यांची सामुदायिक प्रार्थना गुरुदेव सेवा मंडळांमार्फत गावोगावी पोचली. भजन रचणारा आणि पहिल्यांदा गाणारा गळा एकच, तोही आपल्या आजोबांनी ऐकलेला. अशा भजनपुस्तकांत भजनाच्या वर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या ओळखीच्या गाण्याचा पहिला तुकडा छापण्याची रीत आहे. ते गाणे लोकांच्या तोंडी आहे तोवर तेवढा तुकडा सुरावटीची लिपीच समजा. ते विसरले गेले की उरते नुसते नाव. लूथरच्या काळातल्या जर्मन भजनपत्रकांवरही ‘अमक्याच्या चालीवर’ असेच छापलेले असे, आणि तिथल्या संशोधकांना जुन्या चाली त्याच धाग्यावरून हुडकाव्या लागल्या.

म्हणून विदर्भातल्या एखाद्या विद्यापीठाने तुकडोजींच्या भजनांची संशोधित आवृत्ती हाती घेतली, तर पाठभेदांची तळटीप दुय्यम ठरेल. आधी लागेल ती चालींची सूची : कुठल्या भजनावर कोणत्या गाण्याचे नाव छापले, ते गाणे आले कुठून, आणि आज ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीची मंडळे ते भजन प्रत्यक्षात कशावर म्हणतात. म्हातारे टाळकरी बसवून ध्वनिमुद्रण करावे लागेल, आणि तेही एकाचे नव्हे, त्याच भजनाचे तीन-चार गावांतले. पंडितांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा चार वह्या समोर ठेवल्या होत्या. इथे वह्यांच्या जागी गळे असतील.