निनावी उमेदवार

निवडणुकीत उमेदवाराचे नाव जाहीर असते आणि मतदाराचे गुप्त. परंतु जपानमधील सेंदाई येथील हायकूकारांच्या ज्या सभेत, म्हणजे तिकडच्या ‘कुकाई’त, पाहुणा म्हणून बसण्याची संधी मला लाभली, तिथला दस्तुर याच्या नेमका उलट होता. महापालिकेच्या समाजमंदिरातील एका साध्या खोलीत सभासदांनी यावे, आपल्या रचना कागदाच्या अरुंद चिठ्ठ्यांवर नाव न घालता लिहून दाखल कराव्यात, त्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसून सर्वांत वाटल्या जाव्यात, आणि ज्याच्या वाट्याला ज्या येतील त्या त्याने क्रमांक घातलेल्या तावावर सुवाच्य अक्षरांत उतरवाव्यात, असा शिरस्ता. म्हणजे हस्ताक्षरावरून कर्ता ओळखण्याची सोय मुळातच खुंटते.

मग ताव हातोहात फिरू लागतात आणि बोलणे थांबते. माझ्या शेजारच्या वृद्ध बाईंनी एक रचना वहीत टिपली, खोडली, आणि दोन ताव पुढे गेल्यावर तोच मागचा ताव खुणेने परत मागवून ती पुन्हा टिपली. प्रत्येकाने ठरलेल्या संख्येइतक्याच रचना निवडायच्या, त्यांतली एक विशेष म्हणून. स्वतःच्या रचनेला मत देणे वर्ज्य. निवडी जमा झाल्या की त्या ‘अमक्यांची निवड’ अशा पुकाऱ्यासह मोठ्याने वाचल्या जातात, एक जण गुणांची नोंद करतो, आणि त्यानंतरच चर्चेला तोंड फुटते.

या क्रमातच सारे मर्म आहे. मत आधी आणि चर्चा नंतर असल्यामुळे कोणाचेही मत दुसऱ्याच्या मताकडे पाहून वाकत नाही; आणि ज्याने मत दिले त्याला ते का दिले हे सर्वांसमक्ष सांगावे लागते. नुसते ‘आवडली’ म्हणून सुटका होत नाही. एकच मत पडलेल्या एका रचनेची त्या एकट्या मतदाराने अशी काही वकिली केली की समोरचे दोघेतिघे माना डोलावू लागले. गुण मात्र तेवढेच राहिले. दोषही उघड आहे: चर्चा गुणानुक्रमे चालते, तेव्हा बहुमान्य रचनेवर वेळ खर्ची पडतो आणि शून्य गुणांची रचना, ती निकृष्ट असो वा केवळ अपरिचित वळणाची, निवाड्यावाचूनच बाद होते.

गुणांचा हा मोह जुनाच. तोकुगावा अमदानीत पैसे घेऊन गुण देणाऱ्या परीक्षकांचा धंदाच बोकाळला होता, आणि १६८९ साली सेंदाईत मुक्काम करून गेलेल्या हायकूकवी बाशोने १६९२ च्या एका पत्रात गुणांसाठी अहोरात्र झटणाऱ्यांना सर्वांत खालच्या पायरीवर बसवून, त्यांच्यामुळे परीक्षकाच्या बायकामुलांची पोटे तरी भरतात, असा टोलाही हाणला आहे. पुढे कवी मासाओका शिकी व त्याच्या मित्रमंडळाने परस्परांच्या निवडीची पद्धत रूढ केली आणि परीक्षकाची मिरासदारी मोडली.

सेंदाईचा याहून तिखट संबंध १९४६ चा आहे. येथील तोहोकू विद्यापीठात तेव्हा अध्यापक असलेले ताकेओ कुवाबारा यांनी ‘सेकाई’ मासिकात नावे झाकून पंधरा हायकू छापल्या, दहा नामांकितांच्या आणि पाच हौशी लोकांच्या, आणि ओळखा पाहू असे आव्हान दिले. ओळखणे अवघड आहे असे दाखवून, हायकूला फार तर दुय्यम कला म्हणावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जपानी काव्यसृष्टीत त्याने खळबळ उडाली. मला त्यांचा निष्कर्ष एकांगी वाटतो, कारण नावे झाकून वाचण्याचे जे काम त्यांनी एकदा केले, ते कुकाईत नित्य चालते, आणि तिथे गुणांच्या पाठोपाठ कारणांची रुजवातही होते.

शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवली, पण तिच्यामागची ही सभा आपल्याकडे तितकीशी आली नाही. आपल्या काव्यमंडळांनी अध्यक्षीय भाषणाला एकदा फाटा देऊन एक बैठक या जाबत्याने भरवून पाहावी, आणि शून्य गुणांच्या रचनांपासून चर्चेला आरंभ करावा.