काळजी करणे आणि काळजी घेणे

'काळजी' हा मराठीतला एकच शब्द, पण क्रियापद बदलले की दोन वेगळी माणसे डोळ्यांपुढे येतात. आजाऱ्याची काळजी घेणारा उठतो, औषधाची वेळ पाहतो, पाणी आणून देतो. काळजी करणारा अंथरुणावर टक्क जागा असतो. पहिल्याच्या हातून काही घडते. दुसऱ्याला काही घडते आहे असा भास होतो. हा भास कशाने होतो आणि त्यातून बाहेर कसे पडावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मनात एकच गोष्ट घोळवत राहण्याच्या सवयीला मानसशास्त्रात जी संज्ञा आहे, तिचा मूळ अर्थ रवंथ. फरक इतकाच, की गाईच्या रवंथाने चारा पचतो. मनाच्या रवंथात तो तसाच राहतो. या सवयीचा अभ्यास करणाऱ्या सुसान नोलन-होक्सेमा यांनी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि खिन्न असताना ते काय करतात, याच्या नोंदी घेतल्या होत्या. पुढे चौदाच दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, तिथे लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्यांची पाहणी झाली. ज्यांना आधीपासून अशा रवंथाची सवय होती, त्यांच्यात नंतरही खिन्नता अधिक आढळली. भूकंप सर्वांनीच अनुभवला होता. त्यानंतर मनाने काय केले, यात अंतर होते.

मग मन हे सोडत का नाही? कारण चिंता बहुतांशी शब्दांत चालते आणि शब्दांत चालणारी गोष्ट विचारासारखी दिसते. शिवाय ज्याची भीती होती ते बहुतेक वेळा घडत नाही, आणि मन त्याचे श्रेय चिंतेला देऊन मोकळे होते. म्हणून अशा माणसाला 'विचार करू नकोस' म्हणणे व्यर्थ आहे. त्याला ते कर्तव्य सोडण्यासारखे वाटते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेला उपाय मला यासाठीच शहाणपणाचा वाटतो. चिंतेला बंदी नाही, वेळ नेमून द्यायची. रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी अर्धा तास. एरवी ती आली, की ओळखायची, त्या अर्ध्या तासावर ढकलायची आणि लक्ष समोर चाललेल्या गोष्टीकडे आणायचे. नेमलेल्या वेळी मात्र बसून प्रश्नाचे काय करता येईल ते पाहायचे.

लक्ष समोर आणणे म्हणजे काय, हे आपल्याकडे नवे नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होतात. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस केवळ नैसर्गिक श्वास पाहायचा असतो. श्वास कालचा नसतो, उद्याचाही नसतो. त्याच्याकडे पाहणारे मन तेवढ्यापुरते आजचे होते. ते पुन्हा पळते, पुन्हा आणायचे. श्वासाऐवजी हाताखालची कणीक किंवा खिडकीबाहेरचा पाऊसही चालेल. यातून प्रश्न सुटत नाही. मनातली धोक्याची घंटा मात्र मंदावते आणि तिच्याखाली दबलेले ऐकू येऊ लागते.

त्यालाच पुष्कळ जण 'आतला आवाज' म्हणतात. इथे सावध राहायला हवे. भीतीही आतूनच बोलते. गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा दिसले, की ते पर्यायांची तुलना क्वचितच करतात. परिस्थिती ओळखतात आणि पाऊल उचलतात. अंतःप्रेरणेबद्दल साशंक असलेले डॅनियल काह्नेमन आणि तिच्यावर भिस्त ठेवणारे क्लाइन यांनी २००९ मध्ये एकत्र लेख लिहिला. त्यांच्या मते अशी प्रेरणा दोन अटींवर विश्वासार्ह ठरते. त्या क्षेत्रात काही नियमितपणा हवा आणि तो शिकण्याइतका दीर्घ अनुभव हवा.

माझ्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी की नाही, हा प्रश्न आमच्या घरात दोन महिने होता. करता येईल, थांबलात तरी चालेल, असे डॉक्टर म्हणाले होते. रात्री मी तेच दोन पर्याय उलटसुलट करत असे. नंतर श्वासाशी थोडे बसणे जमू लागले, तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. शस्त्रक्रियेतल्या धोक्याबद्दल माझ्या आतल्या आवाजाला काडीची किंमत नव्हती. ते ज्ञान डॉक्टरांचे. पण आईला मी जन्मापासून ओळखतो. तिला एखादी गोष्ट पटली, की ती खर्च विचारते, तारीख विचारते. पटली नाही, की म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं." या वेळी ती तेच म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी तिच्यापाशी बसून निवांत विचारले. तिला भूल द्यायची भीती वाटत होती. तो प्रश्न घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. रात्रीचा विचार सकाळी एका कामात बदलला.

यातून प्रत्येक चिंता शमेल असे नाही. झोप, भूक आणि रोजचे व्यवहार आठवड्यांमागून आठवडे बिघडलेले असतील, तर श्वासावर विसंबून न राहता मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. तेही काळजी घेणेच आहे.