जन्मदिनांचं कपाट : १६ ते २२ ऑगस्ट

गेल्या आठवड्यात या कपाटात पं. विष्णु नारायण भातखंडे होते. त्यांचा जन्मदिन १० ऑगस्टचा. या आठवड्यातले तीन जन्मदिन जबलपूरच्या मराठी वाचकाला साजेसे आहेत. शाळेत हिंदी आणि घरी मराठी असं ज्याचं वाढणं, त्याच्यासाठी निवडही तशीच केली आहे : प्रत्येक तारखेसोबत एक मराठी पुस्तक.

१६ ऑगस्ट १९०४ हा सुभद्राकुमारी चौहान यांचा जन्मदिन. जन्म अलाहाबादजवळच्या निहालपूरचा, पण लग्नानंतर त्या जबलपूरच्याच झाल्या. १९२३च्या झेंडा सत्याग्रहात त्या तुरुंगात गेल्या. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी मोटार अपघातात त्यांचं निधन झालं, आणि पुढच्याच वर्षी २७ नोव्हेंबरला महादेवी वर्मांच्या हस्ते जबलपूर नगरपालिकेच्या आवारात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

झाशीच्या राणीवरची त्यांची कविता हिंदी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असते. कवितेतली राणी बुंदेलखंडातल्या हरबोल्यांच्या, म्हणजे लोकगायकांच्या, तोंडून आली आहे. तिच्यासोबत वाचायचं ते विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटते. धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ. भटजी पाणी काढायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते, विद्वान ब्राह्मणाला हे काम सांगायचं नाही म्हणून. स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. कवितेतल्या तलवारीइतकीच ही ओंजळ लक्षात राहते. चिं. वि. वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध केलं.

१८ ऑगस्ट १८७२ : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर, कुरुंदवाड. लहानपणी दत्तजयंतीच्या दिवशी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली, आणि मुलाची वाट पुस्तकांकडून गाण्याकडे वळली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते शिकले. पण गाणं दरबारापुरतं राहू नये ही त्यांची तळमळ. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. कुणीही शिकावं, अशी संगीताची शाळा. त्यांचे शिष्य बी. आर. देवधर यांचं ‘थोर संगीतकार’ यासाठी घ्यावं. गायकांना जवळून पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसाने ते लिहिलं आहे.

२२ ऑगस्ट हा हिंदी व्यंग्यकार हरिशंकर परसाईंचा दिवस. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या जमानी गावचा हा मुलगा जबलपूरला आला, शिक्षकी सोडून लेखणीवर जगला आणि इथूनच त्याने ‘वसुधा’ मासिक चालवलं. ‘विकलांग श्रद्धा का दौर’ला १९८२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सोबतीला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’. रूढींवर हसत हसत बोट ठेवणं मराठीत त्यांनी रुजवलं. परसाईंच्या आधी वाचलं, तर व्यंग्याची ही वाट किती जुनी आहे ते कळतं.

जबलपूरच्या ज्या टाऊन हॉलवर १९२३ साली झेंडा चढला, ते आज गांधी भवन आहे आणि तिथे ग्रंथालय चालतं. सुरुवात तिथूनच करता येईल.

पुढच्या भागात २४ ऑगस्ट : असोद्याच्या बहिणाबाई चौधरी.