पिरिफॉर्मिस स्नायू : रचनेतील भिन्नता

नितंबाच्या खोल भागातील, नासपतीच्या आकाराचा स्नायू. तो त्रिकास्थीच्या पुढच्या पृष्ठभागापासून निघून मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जोडलेला असतो व मांडी बाहेरच्या बाजूस फिरवितो. शरीरातील सर्वांत जाड असलेली सायटिक तंत्रिका सामान्यतः त्याच्या खालच्या कडेखालून अखंड बाहेर पडते; परंतु काही व्यक्तींत ती आधीच दुभागलेली असते आणि बहुधा तिची बाहेरची शाखा स्नायूला भेदून जाते. बीटन व ॲन्सन यांनी १९३७ मध्ये या मांडणीचे सहा प्रकार सांगितले. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थी हा भाग पहिल्याच वर्षी विच्छेदनात पाहतो.

स्नायूत दबलेल्या शाखेमुळे गृध्रसी म्हणजे सायटिका होते, हा तर्क सोपा असला, तरी पुरावा दुबळा आहे. २०१० मधील एका आढाव्यात ही भिन्नता शवांमध्ये १६·९ टक्के, तर या स्नायूमुळे होणाऱ्या वेदनेसाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत १६·२ टक्के आढळली. केवळ प्रतिमेत अशी रचना दिसली म्हणून शस्त्रक्रिया सुचविणे त्यामुळे योग्य ठरत नाही. खुब्याच्या सांध्यावर मागील बाजूने शस्त्रक्रिया करताना मात्र या भिन्नतेची जाणीव आवश्यक असते. तेथे हा स्नायू तंत्रिका शोधण्याची खूण मानला जातो. बाहेरची शाखा दुखावल्यास पाऊल वर उचलता येत नाही.