सूर त्यांचे, आधार तिला

नोव्हेंबर महिना आला, की शेजारच्या काकूंबरोबर मी बँकेत जाते. हयातीचा दाखला द्यायला. काका शाळेत संगीतशिक्षक होते, म्हणून काकूंना फॅमिली पेन्शन मिळते. रक्कम फार मोठी नाही, पण दर महिन्याला येते. काकांच्या प्रत्येक कार्यक्रमात जे तबल्याला असायचे, त्यांना मात्र कुठे नोकरी नव्हती. त्यांच्या पत्नी आज ब्लाउज शिवून घर चालवतात. दोघांनी आयुष्यभर एकाच मंचावर संगत केली, पण मागे राहिलेल्या दोघींच्या वाट्याला वेगवेगळं आलं.

यंदा बँकेत नंबर यायची वाट बघताना मी काकूंना व्हिएन्नाची एक गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगावीशी वाटते.

दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं व्हिएन्ना म्हणजे युरोपातल्या संगीताची पंढरीच म्हणा ना! राजदरबार, उमरावांचे वाडे, थिएटरं, सगळीकडे गाणं-बजावणं. पण साध्या वादकाचं पोट हातावरच. हात थांबला की चूल थांबली. तो अकाली गेला, तर बायको-मुलांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

या प्रश्नावर १७७१ मध्ये फ्लोरियान गासमान नावाच्या संगीतकारानं उत्तर शोधलं. त्यानं ‘टोनक्युन्स्टलर सोसायटी’ काढली. संगीतकारांच्या विधवांना आणि पोरक्या मुलांना पेन्शन देणारी संस्था. सभासदांनी वर्गणी भरायची आणि संस्थेच्या कार्यक्रमात बिदागी न घेता गायचं-वाजवायचं. तिकिटांचे पैसे फंडात.

आता कार्यक्रम करायचे कधी? इथे उपयोगी पडला उपवास! ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, तसाच नाताळच्या आधीचाही काळ पवित्र मानतात. त्यातल्या ठरावीक दिवशी नाटक आणि ऑपेरा बंद. थिएटर रिकामं, वादक मोकळे आणि लोकांना करमणूक तर हवीच. मग तिथे ऑरेटोरिओ व्हायचा. ऑरेटोरिओ म्हणजे बहुधा धर्मग्रंथातली एखादी कथा, ती गायक, समूहगान आणि वाद्यवृंद मिळून सांगतात. वेशभूषा नाही, अभिनय नाही, नुसतं उभं राहून गायचं. आपल्या कीर्तनातलं आख्यान आठवा, म्हणजे थोडी कल्पना येईल.

१७७२ मध्ये सोसायटीचा पहिला कार्यक्रम झाला तो गासमानच्याच ऑरेटोरिओचा, ‘ला बेतुलिया लिबेराता’. त्याची नायिका ज्युडिथ. शत्रूचा वेढा पडलेलं आपलं गाव ती एकटी वाचवते. आणि ही ज्युडिथ कोण, माहीत आहे? एक विधवा!

पण खरं काळजाला लागतं ते पुढचं. दोनच वर्षांत, १७७४ च्या जानेवारीत, गासमान स्वतःच गेला. पदरात लहान मुलगी आणि दुसरी पोटात. दुसऱ्यांच्या बायकांची काळजी वाहणाऱ्या माणसाच्या घरावरच ती वेळ आली. त्याचा शिष्य सालिएरी हा पोरका मुलगा. गासमाननंच त्याला व्हिएन्नात आणून वाढवलं होतं. त्यानं गुरूच्या दोन्ही मुलींना गाणं शिकवलं आणि दोघीही पुढे गायिका झाल्या.

आता मोझार्टचं ऐका. १७८५ मध्ये त्यानं सोसायटीच्या उपवासकाळातल्या कार्यक्रमासाठी ‘दाविदे पेनितेन्ते’ ही रचना दिली आणि सभासदत्वासाठी अर्जही केला. सोसायटीनं सांगितलं, जन्माचा दाखला आणा, मग बघू. तो दाखला काही त्यानं दिला नाही आणि अर्ज तसाच पडून राहिला. पुढे १७९१ च्या डिसेंबरात वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मोझार्ट वारला. बायको कॉन्स्टान्झे एकोणतीस वर्षांची. थोरला मुलगा सात वर्षांचा, धाकटा चार महिन्यांचा. सोसायटीच्या पेन्शनवर तिचा हक्क नव्हता. कारण? एक कागद!

दरबारच्या नोकरीचं पेन्शन मागावं, तर त्यासाठी दहा वर्षं नोकरी हवी, मोझार्टची भरली होती चार. कॉन्स्टान्झे हरली नाही. तिनं थेट बादशहाकडे अर्ज केला. १७९२ मध्ये तिला खास बाब म्हणून वर्षाला २६६ गुल्डन मंजूर झाले, म्हणजे नवऱ्याच्या ८०० गुल्डन पगाराच्या एक तृतीयांश. एवढ्यानं काय होणार? मग तिनंही थिएटरातल्या बंदीच्या दिवसांचाच आधार घेतला. नवऱ्याचा ‘ला क्लेमेन्झा दि तितो’ हा ऑपेरा तिनं अभिनयाशिवाय, नुसत्या गायनाच्या रूपात सादर करवला. १७९५ च्या ३१ मार्चच्या कार्यक्रमात मध्यंतराला पियानोवर कोण बसलं होतं? तरुण बेथोव्हन!

हायडनची तऱ्हा वेगळी. सोसायटीनं आपल्याला जाचक अटी घातल्या म्हणून तो रागावून दूर झाला होता. १७९७ मध्ये सोसायटीनं त्याला मानानं आजीव सभासद करून घेतलं. म्हाताऱ्यानं मनात अढी ठेवली नाही. ‘द क्रिएशन’ हा सृष्टीच्या निर्मितीवरचा त्याचा ऑरेटोरिओ १७९९ च्या मार्चमध्ये बुर्गथिएटरमध्ये पहिल्यांदा सर्वांसाठी झाला, तेव्हा त्या एका रात्रीत चार हजारांहून अधिक गुल्डन जमले. (गंमत म्हणजे आदमचं गाणं वडिलांनी गायलं आणि ईव्हचं त्यांच्या मुलीनं, तेरेझे साल हिनं!) त्याच वर्षी नाताळच्या सुमारास त्यानं हीच रचना सोसायटीसाठी केली. १८०१ मध्ये ‘द सीझन्स’ आली. पुढे एकोणिसाव्या शतकात वर्षानुवर्षं या दोन ऑरेटोरिओंवर विधवांचा फंड भरत राहिला.

मला सर्वांत जास्त विचारात पाडते ती २२ डिसेंबर १८०८ ची रात्र. थिएटर आन डेर वीनमध्ये बेथोव्हनचा कार्यक्रम होता. आज जगभर वाजणारी त्याची पाचवी आणि सहावी सिम्फनी त्या रात्री पहिल्यांदा वाजणार होती. आणि त्याच संध्याकाळी बुर्गथिएटरमध्ये सोसायटीनं हायडनचा ऑरेटोरिओ ठेवलेला! चांगले चांगले वादक तिकडे गेले. बेथोव्हनच्या वाट्याला उरलेसुरले वादक, तालीम अपुरी, हॉलमध्ये कडाक्याची थंडी आणि चार तासांचा कार्यक्रम. एक रचना तर मध्येच फिसकटली, थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. नंतर त्यानं पत्रात तक्रार केली, की जो माझ्याकडे वाजवेल त्याला संस्थेतून काढू, अशी धमकी विधवा-फंडवाल्यांनी वादकांना दिली. त्यात त्याचा मुख्य रोख होता सालिएरीवर.

बेथोव्हनवर अन्याय झाला असेल, नाही म्हणत नाही. पण मी त्या रात्रीच्या एखाद्या साध्या व्हायोलिनवादकाचा विचार करते. एकीकडे इतिहास घडतोय, हे त्याला कुठून कळणार? त्याला एवढंच ठाऊक, की सोसायटीतून नाव कटलं, तर आपल्यामागे बायकोचं काय? बेथोव्हनला बायको नव्हती. याच्या घरी होती, वाट बघणारी. तो बुर्गथिएटरमध्ये गेला, यात मला तरी काही चुकीचं वाटत नाही.

१८६२ मध्ये सोसायटीला हायडनचं नाव दिलं गेलं. ज्याच्या सुरांनी इतक्या जणींच्या चुली पेटत्या ठेवल्या, त्याचंच नाव हवं होतं.

गोष्ट ऐकून काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तिथेही दाखलाच आडवा आला म्हण की!” आणि पिशवीतली कागदांची फाइल त्यांनी पुन्हा एकदा चाचपून बघितली.

घरी आल्यावर मीही आमचं कपाट उघडलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण ह्यांच्या विम्याचे कागद मी कधी उलगडून बघितले नव्हते. अशुभ वाटतं ना! त्या दिवशी बघितले. नॉमिनीच्या रकान्यात अजून सासूबाईंचं नाव होतं. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली.

संध्याकाळी चहा देताना ह्यांच्यापुढे कागद ठेवला. ते हसले, म्हणाले, “राहूनच गेलं गं.”

मोझार्टचंही राहूनच गेलं होतं.