पोट्टं काऊन चिडते?

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत घरोघर खाऊचा बोजारा गोळा केला की नागपूरचं पोट्टं रात्री घर डोक्यावर घेतं. आई म्हणते, गोड जास्त झालं! पण 1994 मधल्या एका अमेरिकन प्रयोगात 35 मुलांना साखरेचा कणही दिला नव्हता. ज्या आयांना ‘साखर दिलीय’ असं सांगितलं, त्यांनाच आपला मुलगा जास्त दंगेखोर वाटला. त्या त्याला टोकतही जास्त होत्या!

रंगाचं मात्र वेगळं. 2007 मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासात काही कृत्रिम खाद्यरंग आणि सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाने मुलांची चुळबुळ थोडी वाढलेली दिसली. त्यात नारिंगी ‘सनसेट यलो’ही होता. युरोपात 2010 पासून असे रंग असलेल्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. भारतात तो रंग मर्यादेत चालतो, तेव्हा संत्रा गोळीचं वेष्टन वाचाच.

आणि आजोबांच्या काळातला तो नंदी? जुन्या रंगात शिसं असू शकतं. ते पोटात गेलं तर लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाली. रंगाचे पोपडे उडालेला नंदी तोंडात घालणाऱ्या लहानग्यापासून लांबच ठेवा.

झोप कमी पडली की मोठी माणसं पेंगतात, मुलं मात्र उधळतात. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते. राज्य सरकारने 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी 9 च्या आधी भरवू नका असं सांगितलं, ते याचसाठी. मला तो फार शहाणा निर्णय वाटतो.

‘ऐकतच नाही’ म्हणता? कान तपासा. सर्दीनंतर कानात पाणी साचलं तर खरंच कमी ऐकू येतं. माती, खडू खातो? रक्त तपासा. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर 3 पैकी 2 हून अधिक मुलांत रक्त कमी आहे, आणि लोह कमी असलेलं मूल किरकिरतं.

कधी कधी कमी असतं ते फक्त मैदान. 2001 मध्ये हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात वस्तीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. खेळात असेपर्यंत ती वाईट नादापासून लांब राहतात, हे त्यांनी हेरलं आणि पोरांना फुटबॉल दिला. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली.